नोकरी सांभाळून बालसंरक्षण क्षेत्रात ट्रेनर व्हायचंय? सुरुवात कशी करायची ते सगळं सविस्तर

महिन्यातले तीन-चार दिवस ट्रेनिंग घ्यायचं आणि बाकी आपली नोकरी, असं मी गेली सात वर्षं करतेय. त्याआधी बारा वर्षं फील्डवर होते, म्हणजे होम व्हिजिट, केस फाइली, कोर्टाच्या तारखा, रात्री साडेअकराला वाजणारा फोन, सगळं करून झालंय. त्यामुळे "मलाही ट्रेनर व्हायचंय, काय करू" असं कुणी ना कुणी विचारतंच, आणि दर वेळी फोनवर तासभर तेच तेच सांगून आता कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकते. मोठं होणार आहे, निवांत वाचा.

आधी शिकवायचं कुणाला ते बघू, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात फक्त केसवर्कर, म्हणजे एकेका मुलाची केस हाताळणारे, असतात. प्रत्यक्षात समोर त्यांचे सुपरवायझर येतात, बालगृहात मुलांना रात्रंदिवस सांभाळणारे काळजीवाहक येतात, फॉस्टर केअर (मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवणं) आणि दत्तक विभागातली माणसं, काउन्सेलर, कधी शिक्षक, नर्स, पोलीसही येतात. नव्या भरतीचं पायाभूत ट्रेनिंग वेगळं, दरवर्षीचं रिफ्रेशर वेगळं, आणि कायदा किंवा फॉर्म बदलला म्हणून घाईघाईत लावलेलं एक दिवसाचं ट्रेनिंग तर फारच वेगळं. त्या शेवटच्या प्रकारात लोक आधीच वैतागून आलेले असतात हे लक्षात ठेवा.

तुम्ही यात बसता का

डिग्री लागते, बहुतेक ठिकाणी सोशल वर्क, मानसशास्त्र किंवा कायद्याची विचारतात. पण खरं बघितलं जातं ते फील्ड. माझं वैयक्तिक मत, किमान पाच वर्षं स्वतः केसेस हाताळल्याशिवाय या क्षेत्रात ट्रेनर होऊ नये, कारण बॅचमधला एखादा तरी पहिल्या तासातच विचारतो की मॅडम, दार उघडलंच नाही तर काय करायचं, आणि तिथे स्लाइड कामाला येत नाही.

पण चांगला केसवर्कर म्हणजे चांगला ट्रेनर असंही नाही हां. स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. ऑफिसात नवीन जॉइन झालेल्याला तुम्ही फाइल कशी लिहायची ते दाखवता, तेव्हा पेन कुणाच्या हातात असतं? तुमच्या हातात असेल आणि तो बिचारा मान डोलावत बसला असेल तर तुम्हाला काम येतं, शिकवता येत नाही. ते येऊ शकतं, पण सराव लागतो.

विषय दोनच निवडा

"बालकल्याणातलं सगळंच शिकवते" म्हणणाऱ्या माणसाला कुणी बोलवत नाही, कारण ट्रेनिंग लावणाऱ्या माणसाच्या डोक्यात एक रिकामा खण असतो आणि त्याला त्या खणात बसणारं नाव हवं असतं. मुलांशी बोलायचं कसं, होम व्हिजिटमध्ये जोखीम ओळखायची कशी, ट्रॉमातून आलेलं वागणं समजून घेणं, मूल घरी परत पाठवताना करायची तयारी, सुपरवायझरने टीमला सांभाळणं, असे खण असतात. माझा खण केस नोंदी लिहिण्याचा. ऐकायला एकदम रटाळ, ट्रॉमाच्या सेशनसारखी गर्दी याला होत नाही, पण बोलावणी सगळ्यात जास्त याचीच येतात कारण नोंदी सगळीकडे वाईट असतात आणि कोर्टात त्याच उघड्या पडतात.

शिरायचं कसं

सुरुवात स्वतःच्या ऑफिसातून करा. सुपरवायझरला सांगा की पुढच्या टीम मीटिंगमध्ये मला पाऊण तास द्या, मी एका विषयावर सेशन घेते. फुकट. असे तीन-चार झाले की तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं. मग एखाद्या अनुभवी ट्रेनरला विचारून त्याच्या बॅचमध्ये मागे बसा, नुसतं बघा, तो कधी थांबतो, कुणाला बोलतं करतो, वेळ कमी पडला की काय गाळतो. मग को-ट्रेनर म्हणून एखादं सेशन मागा. जमलं तर टीओटी, म्हणजे ट्रेनरना शिकवायला शिकवणारं ट्रेनिंग, करून घ्या, बऱ्याच संस्थांना ते सर्टिफिकेट लागतं, शिवाय मोठ्या माणसांना शिकवणं आणि शाळेतल्या मुलांना शिकवणं यातला फरक तिथे नीट कळतो.

काम देणारे म्हणजे सरकारी प्रशिक्षण संस्था, विद्यापीठांचे समाजकार्य विभाग आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था. यातले बरेच जण बाहेरच्या ट्रेनरचं पॅनल ठेवतात आणि गरज पडेल तसं बोलावतात, म्हणजे निवड झाली तरी महिन्याला अमुक दिवस काम मिळेलच याची हमी नसते. काही महिने तुडुंब, काही महिने शुकशुकाट. घरखर्च याच्या भरवशावर ठेवू नका.

अर्ज करताना नोकरीचा बायोडेटा तसाच पाठवू नका. कोणत्या विषयावर, किती तासांचं, कुणासाठी ट्रेनिंग घेतलं ते वर येऊ द्या आणि सोबत एका सेशनचा प्लॅन जोडा. निवडीत बहुतेक वेळा वीस मिनिटांचं डेमो असतं आणि नव्वद टक्के लोक (माझा अंदाज, मोजलेलं नाही) तिथे भाषण देतात. तुम्ही निवड करायला बसलेल्यांना कागद द्या आणि काहीतरी करायला लावा, वीसपैकी बारा मिनिटं त्यांची.

परवानगी आणि मानधन

कुठेही नोकरीत असाल तर लेखी परवानगी आधी. तोंडी "हो हो कर की" चालत नाही, साहेब बदलले की तीच गोष्ट अंगाशी येते. दुसरं, ज्या ऑफिसच्या लोकांसोबत तुमच्या चालू केसेस आहेत तिथे ट्रेनर म्हणून जाऊ नका. आज तुम्ही त्यांना शिकवताय आणि उद्या त्यांच्याच रिपोर्टवर बोट ठेवताय, हे दोन्हीकडून अवघड होतं.

मानधन ठरवताना लोक फक्त शिकवण्याचा दिवस मोजतात आणि फसतात. नवीन विषयाचं एक दिवसाचं ट्रेनिंग पहिल्यांदा घेताना मला तीन ते चार दिवस तयारी लागते, तेच दुसऱ्यांदा एक दिवस आणि पाचव्यांदा दोन तास. म्हणजे पहिलं बोलावणं तोट्यात जातं आणि नंतर ते वसूल होतं, पण तुम्ही मटेरियल स्वतःकडे ठेवू शकलात तरच. म्हणून करारात आधी हे बघा की तयार केलेलं मटेरियल कुणाच्या मालकीचं राहणार. मग तयारीचे पैसे वेगळे की त्यातच, प्रवास-मुक्काम कोण करणार, झेरॉक्स कुणाची, सेशन रेकॉर्ड करून पुढे दहा बॅचना दाखवणार का, आणि आयत्या वेळी रद्द झालं तर काय. रद्द होतंच, कारण या क्षेत्रात एखादी मोठी केस आली की अख्खी टीम तिकडे पळते. माझं एकदा आदल्या संध्याकाळी सहाला रद्द झालं, चाळीस फाइली छापून तयार होत्या, एक पैसा मिळाला नाही कारण करारात ओळच नव्हती. आता असते.

टॅक्स, बिल, पावत्या हे पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये. एवढंच सांगते.

दिवस कसा बांधायचा

संस्था तुम्हाला विषय देते, "केस डॉक्युमेंटेशन, एक दिवस". एवढ्यावर तयारी सुरू करू नका. दोन गोष्टी मागा, नाव-गाव काढलेल्या तीन-चार खऱ्या नोंदी आणि दोन सुपरवायझरचे फोन नंबर. सुपरवायझरला एकच विचारायचं, तुमची माणसं नेमकी कुठे अडकतात? वीस मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही मॉड्यूलमध्ये लिहिलेलं नसतं.

मग उद्दिष्ट लिहा, आणि त्यात डोळ्यांनी दिसेल असं क्रियापद हवं. "सहभागी संवेदनशील होतील" हे उद्दिष्ट नाही, ती सदिच्छा आहे. "सहभागी एका होम व्हिजिटची नोंद लिहितील ज्यात बघितलेलं आणि वाटलेलं वेगळं असेल" हे उद्दिष्ट. एका दिवसात अशी तीन पुरेत. चार सेशन, प्रत्येकी सव्वा ते दीड तास, जेवणानंतरच्या सेशनमध्ये लेक्चर अजिबात नाही, तेव्हा हातापायाला काम द्या.

माझा जुना हुकमी व्यायाम सांगते, वाटलं तर उचला. फ्लिपचार्टवर फक्त एवढं लिहायचं: "घर अस्वच्छ. आई निष्काळजी. मूल घाबरलेलं." मग विचारायचं की हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते प्रत्येकाने चार ओळीत लिहा. पाच मिनिटांनी वाचायला लावा. एकाच्या घरात झुरळं, दुसऱ्याच्या घरात नुसता कपड्यांचा ढीग, तिसऱ्याच्या घरात दारूच्या बाटल्या. एकच नोंद आणि पंचवीस घरं! मी काहीच बोलत नाही, ते एकमेकांकडे बघायला लागतात. मग पुन्हा तेच वाक्य घेऊन सांगायचं की आता असं लिहा की पंचवीस जणांना एकच घर दिसेल. "दुपारी ४ वाजता गेले. गॅसजवळ कालच्या जेवणाची भांडी, जमिनीवर उघडी औषधाची पट्टी, २ वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल अशी. आईला विचारलं, ती म्हणाली रात्रपाळी करून सकाळी आले, झोप लागली." बघा, आता "निष्काळजी" शब्द लिहायची गरज उरते का? आणि आईची बाजूही आली, जी पहिल्या नोंदीत कुठेच नव्हती. या एका व्यायामाला मी पूर्ण सव्वा तास देते आणि मला कधीच जास्त वाटला नाही.

आत काय घालायचं आणि काय नाही

पाया म्हणून बालहक्क संहिता प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असते, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारलेली. पण इतिहास सांगत बसू नका, लोकांनी तो दहादा ऐकलेला असतो. तीन कलमं कामाला लावा. कलम ३, निर्णय घेताना मुलाचं सर्वोत्तम हित. कलम १२, मुलाचं म्हणणं ऐकून त्याला वयाप्रमाणे महत्त्व देणं. कलम १९, हिंसा, छळ आणि दुर्लक्षापासून संरक्षण. आता एक केस द्या जिथे ३ आणि १२ एकमेकांना धडकतात, म्हणजे अकरा वर्षांची मुलगी ठामपणे म्हणते मला घरीच जायचंय आणि घर अजून सुरक्षित नाही. अर्धा तास खोली पेटते. उत्तर एक नसतंच, पण "तिचं म्हणणं नोंदीत लिहिलं का, आणि तिच्या मनासारखं झालं नाही तर का नाही ते तिला कुणी सांगितलं का" इथवर आणून सोडायचं. स्थानिक कायदा आणि नियम मात्र मूळ कागदावरून आणि ताजे घ्या, दोन वर्षांपूर्वीच्या स्लाइडवरून नाही.

आता दोन गोष्टी ज्या सगळ्या ट्रेनरच्या स्लाइडवर असतात आणि ज्यांच्यावर माझा राग आहे. पहिली ती पिरॅमिडची आकृती, आपण वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, करून बघितलेलं ९० टक्के वगैरे. त्या टक्क्यांमागे कुठलाही धड अभ्यास नाही. ज्या एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या नावावर ते खपवतात त्याच्या १९४६ च्या मूळ आकृतीत टक्के नव्हतेच, ते मागाहून कुणीतरी चिकटवले. दुसरी गोष्ट बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा अभ्यास, १९९८ साली प्रसिद्ध झालेला. हा अभ्यास खरा आणि महत्त्वाचा आहे, लहानपणी जितके जास्त प्रकारचे आघात तितका मोठेपणी आजारांचा धोका वाढलेला दिसतो, हे त्याने मोठ्या लोकसंख्येत दाखवलं. पण त्यावरून एका मुलाच्या आघातांचे प्रकार मोजून स्कोअर काढून "याचं पुढे असं होणार" म्हणणं साफ चूक. तो स्कोअर समूहाबद्दल सांगतो, समोरच्या पोराचं भविष्य नाही. हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नाही तर लोक फाइलवर आकडे लिहायला लागतात, मी बघितलंय.

केस स्टडी: माझी चूक

दुसऱ्याच वर्षी मी माझ्या एका जुन्या केसवरून केस स्टडी बनवली. नाव बदललं, गाव काढलं, झालं असं वाटलं. सेशन चालू असताना दुसऱ्या रांगेतली एक बाई एकदम गप्प झाली. ब्रेकमध्ये जवळ येऊन म्हणाली, "ताई, ही आमच्याच बालगृहातली आहे ना? भावंडं तीन आणि सगळ्यात धाकट्याचा हात भाजलेला." पायाखालची जमीन सरकली. नाव बदलून काही होत नाही, मूल ओळखू येतं ते त्या एका विशेष तपशिलावरून.

तेव्हापासून माझा नियम असा की तीन-चार वेगवेगळ्या केसेसचे तुकडे जोडून एक केस बनवायची, भावंडांची संख्या, वय, जखमेचा प्रकार, घरातली रचना सगळं बदलायचं, आणि शेवटी स्वतःला विचारायचं की त्या मुलाने मोठेपणी हे वाचलं तर त्याला ते आपलं वाटेल का. वाटणार असेल तर फाडायचं. सहभागी लोक गप्पांच्या ओघात चालू केसची खरी नावं घेतात, तिथेही लगेच थांबवायचं, लाजायचं नाही. खोलीचे नियम सकाळी पहिल्या दहा मिनिटांत भिंतीवर लावा.

रोल प्ले

रोल प्ले म्हटलं की निम्मी बॅच चुळबुळ करते. पुढे बोलावून सगळ्यांसमोर करायला लावू नका, तिघा-तिघांचे गट करा, एक केसवर्कर, एक मूल, एक फक्त बघणारा. बघणाऱ्याच्या हातात कागद, प्रत्येक प्रश्नाला एक खूण, उघडा प्रश्न की उत्तर सुचवणारा. "बाबांनी मारलं का?" हा सुचवणारा. "काल शाळेतून घरी आल्यावर काय काय झालं ते सांग" हा उघडा. उघड्या प्रश्नांना मुलं जास्त आणि जास्त विश्वासार्ह माहिती देतात हे संशोधनात वारंवार दिसलंय, आणि हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण खुणा मोजल्या की अनुभवी लोकांचेही निम्मे प्रश्न सुचवणारेच निघतात, चेहरे बघण्यासारखे होतात. मग दुसरी फेरी एकाच अटीवर, प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजायचे, मध्ये बोलायचं नाही. दहा सेकंदाची शांतता किती लांब असते ते तेव्हा कळतं. एकदा मुलाची भूमिका करणारा एक दांडगा पोलीस हवालदार सातव्या सेकंदाला आपणहून बोलायला लागला.

सोबत मर्यादाही सांगा, सविस्तर जबाब घेणं हे प्रत्येकाचं काम नाही. शिक्षकाने किंवा काळजीवाहकाने ऐकायचं, मुलाच्या शब्दांत लिहायचं आणि नियमाप्रमाणे पुढे कळवायचं, खोदून खोदून विचारायचं नाही. मुलाला तीच गोष्ट पाच जणांना सांगायला लागू नये.

आणि रोल प्ले संपला की भूमिकेतून बाहेर काढा, नाव मोठ्याने सांगायला लावा, जागा बदलायला लावा. मुलाची भूमिका करणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी उघडं पडू शकतं.

खोलीत जे होतं

सक्तीने पाठवलेले लोक असतात, हाताची घडी घालून मागे बसलेले. त्यांच्याशी भांडू नका, "आज इथे आल्यामुळे कुठलं काम तुंबलंय?" असं विचारा आणि ते फळ्यावर लिहा, राग थोडा उतरतो. पंचवीस वर्षं नोकरी झालेला एक काका असतोच, "हे सगळं कागदावर ठीक आहे हो". त्याला विरोधक करू नका, पुढच्या व्यायामात बघणाऱ्याचं काम त्याला द्या.

रडूही येतं कुणाला. या क्षेत्रात स्वतः बालपणी सोसून आलेली माणसं आहेत, ते तुम्हाला आधी माहीत नसतं. म्हणून सकाळीच सांगून ठेवायचं की कुणालाही न विचारता बाहेर जायची मुभा आहे, आणि एकटीने ट्रेनिंग घेऊ नका, निदान अत्याचाराच्या विषयावर तरी को-ट्रेनर हवाच, एक बाहेर जाऊन त्या व्यक्तीपाशी बसेल आणि एक आत चालू ठेवेल. तुम्ही तिथे थेरपिस्ट नाही. संस्थेकडे कुणाकडे पाठवायचं ते नाव आधीच विचारून ठेवा. आणि ब्रेकमध्ये कुणी एखाद्या मुलाला आत्ता धोका आहे असं सांगितलं तर "आपण ट्रेनिंगपुरतं बोलू" म्हणून सुटता येत नाही, कळवण्याची जबाबदारी तुम्हालाही लागू असते. संस्थेबरोबर हे आधी बोलून घ्या.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात: दिवसभराचं ट्रेनिंग दिवसभर ऑनलाइन घेऊ नका, दोन-दोन तासांचे तुकडे करा, आणि अत्याचाराचे तपशील असलेला विषय शक्यतो प्रत्यक्षच घ्या, बंद कॅमेऱ्यामागे कोण कोसळलंय ते तुम्हाला दिसत नाही.

फीडबॅक फॉर्मवर जाऊ नका

संध्याकाळी पाचला घाईत भरलेल्या फॉर्मवर सगळ्यांना "उत्कृष्ट" मिळतं. ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते बघायला डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या बहुतेक संस्था मानतात, लोकांना आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि त्याचा शेवटी परिणाम काय झाला. पहिलीवरच सगळे थांबतात कारण ती सोपी. मी तिसरीसाठी एक स्वस्त उपाय करते. सकाळी प्रत्येकाकडून एक नोंद लिहून घेते, संध्याकाळी एक, आणि सहा आठवड्यांनी सुपरवायझरकडून नाव काढलेल्या पाच ताज्या नोंदी मागवते. पहिल्या दोन वर्षांत संध्याकाळच्या नोंदी झकास असायच्या आणि सहा आठवड्यांच्या नोंदी पुन्हा "घर अस्वच्छ". तेव्हा कळलं की सुपरवायझर जोवर जुन्या पद्धतीच्या नोंदीवर सही करतोय तोवर माझा दिवस फुकट. आता मी सुपरवायझरचं अर्ध्या दिवसाचं सेशन आधी घेते, ते द्यायला संस्था तयार नसेल तर बाकीच्या दिवसाला नाही म्हणते. दोन कामं गेली त्यामुळे. जाऊ देत.

आणि फील्ड पूर्ण सोडू नका. मी अजून दोन केसेस सुपरव्हाइज करते. त्या नसत्या तर मागच्या महिन्यात नवीन फॉर्ममधला तो मूर्ख रकाना, जिथे मुलाचं म्हणणं लिहायला फक्त एक ओळ आहे, मला कळलाच नसता आणि मी बॅचसमोर जुनाच फॉर्म घेऊन उभी राहिले असते. आता बॅचला सांगते की पान जोडा, त्या रकान्यात "सोबतचं पान पाहा" लिहा.